डागाचे कारण

युद्धात वापरलेल्या एखाद्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करण्यात माणसाने महिनेच्या महिने घालवावेत काय? आणि ती तयार झाल्यावर तिच्यावर काजळी, गंज, तेलाचे ओघळ, उडालेल्या रंगाचे टवके हे सारे आपल्या हाताने उमटवून ती 'युद्धातून आलेली' दिसावी म्हणून आणखी खपावे काय? वरवर पाहता हा छंदाचा प्रश्न आहे आणि छंदाच्या बाबतीत धर्मगुरूने नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते या लहानशा प्रश्नाच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. संहारासाठी घडवलेल्या वस्तूचे सौंदर्य माणसाने किती मनापासून न्याहाळावे, आणि न्याहाळताना त्याच्या नजरेने कोठे थांबू नये, हा तो प्रश्न होय.

हा विषय आमच्या भागाला परका नाही. आमच्या नाशिक धर्मप्रांतातील ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीचा विमान-कारखाना सुरू झाला. रशियन बनावटीच्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा 'एफ.एल.' हा प्रकार परवान्याखाली तेथे तयार होऊ लागला. त्याची इंजिने ओरिसातील कोरापूटला होत, विद्युत उपकरणे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला. खानदेशातून आणि नाशिक जिल्ह्यातून अनेक तरुण तेथे फिटर, टर्नर, रिव्हेट मारणारे म्हणून गेले. १९६३ साली भारतीय वायुसेनेत दाखल झालेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. म्हणजे बासष्ट वर्षे ते आपल्या आकाशात होते.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ त्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झाले आणि नंदुरबारला येऊन राहिले. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून ते याच मिग-२१ ची प्रतिकृती जुळवीत असतात. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तेव्हा प्रतिकृतीचा विस्तार सुमारे पंधरा सेंटिमीटर भरतो. लहान मुलाच्या पाटीपेक्षाही कमी. एवढ्याशा वस्तूवर त्यांचे आठ-नऊ महिने सहज जातात. हे काम आम्ही अनेक संध्याकाळी शेजारी बसून पाहिले आहे आणि त्याविषयी जे लिहीत आहोत ते त्यांच्या कामाबद्दल आदर बाळगूनच.

हे विमान करायला अवघड का, ते आधी सांगितले पाहिजे. मिग-२१ सुरुवातीला रंगवलेले नसे. उघड्या धातूच्या चकचकीत पत्र्याचेच ते दिसे. प्लॅस्टिकवर धातूची चमक आणायची तर अंगावरचा एकही दोष लपत नाही. दोन अर्ध्या भागांचा सांधा लांबी भरून बुजवावा लागतो, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, आधी जाड आणि मग अधिकाधिक बारीक, असा घासत जावे लागते. बोटाचा ठसा राहिला तरी तो चमकेखालून वर दिसतो. म्हणून आधी काळ्या तकतकीत रंगाचा हात आणि त्यावर धातूच्या रंगाचे विरळ थर देतात. प्रत्येक पत्र्याची छटा किंचित वेगळी ठेवावी लागते, कारण मूळ विमानातही सगळे पत्रे एकाच दिवशी बसवलेले नसतात. शेपटाकडे, जेथून आग बाहेर पडते तेथे, धातू तापून पिवळसर आणि मग निळसर होतो; तेही दाखवायचे असते.

त्यात १९७१ सालच्या युद्धातील विमान करायचे म्हटले की अडचण दुप्पट होते. त्या वेळी अनेक चकचकीत विमानांवर शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून तळावरच घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे ओढण्यात आले. घाईने दिलेला तो रंग लवकर झिजला आणि खालचा धातू डोकावू लागला. तेव्हा कारागिराला आधी निर्दोष धातू तयार करायचा, मग तो स्वतःच्या हाताने झाकायचा, आणि मग दातकोरण्याच्या टोकाने जागोजागी पुन्हा उघडा करायचा असतो.

या शेवटच्या कामाला इंग्रजीतून आलेला शब्द 'वेदरिंग' असा आहे. मराठीत आपण त्याला उन्हापावसाचा हात फिरवणे म्हणू. तैलरंग टर्पेन्टाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडतात आणि उरलेला कापडाने पुसून घेतात. पण पुसताना कापड वारा वाहतो त्या दिशेनेच, पुढून मागे, न्यायचे. खडूची पूड करून मऊ कुंचल्याने काजळी धरतात. वैमानिक जेथे पाय ठेवून चढतो तेथे रंग अधिक झिजवतात.

या कामाचा त्या गृहस्थांनी आम्हाला एक नियम सांगितला. ते म्हणाले, "फादर, नवशिका माणूस शोभेसाठी डाग पाडतो. मग विमान विमान दिसत नाही, उकिरड्यावरचे भांडे दिसते. प्रत्येक डागाला कारण पाहिजे. हा डाग कशाने पडला, असे कोणी विचारले आणि मला सांगता आले नाही, तर तो डाग मी पुसून टाकतो." उदाहरण म्हणून त्यांनी प्रतिकृतीचे नाक दाखवले. मिग-२१ च्या या प्रकारात आत बसवलेली तोफ नव्हती. १९७१ साली पोटाखाली तोफेची वेगळी पेटी लटकावीत असत. तेव्हा नाकावर बारुदाची काजळी दाखवणे ही चूक ठरते. काजळी दिसलीच, तर ती पोटाखाली, त्या पेटीच्या भोवती आणि मागे.

प्रत्येक डागाला कारण पाहिजे. हे वाक्य ऐकल्यापासून आमच्या मनात घोळत राहिले आहे. जो नियम या गृहस्थांनी कुंचल्यासाठी सांगितला, तोच सदसद्विवेकबुद्धीचाही नियम आहे, असे आम्हाला वाटू लागले. परंतु तेथवर जाण्यापूर्वी दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, ही सारी लबाडी आहे. जी वस्तू कधी उडाली नाही, जिने पाऊस पाहिला नाही, तिच्यावर खोटे वार्धक्य चढवणे म्हणजे असत्यच नव्हे काय? या आक्षेपाला संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. आपल्या तरुणपणच्या एका संवादग्रंथात त्यांनी असा विचार मांडला की, नट खोटा राजा झाल्याशिवाय खरा नट होऊ शकत नाही आणि चित्रातील घोडा खोटा घोडा असल्याशिवाय ते खरे चित्र ठरत नाही. असत्य फसवण्याच्या हेतूत असते. प्रतिकृती कोणालाही फसवीत नाही; आपण प्रतिकृती आहोत हे ती उघडपणे सांगते. तेव्हा उन्हापावसाचा हात फिरवणे यात लबाडी नाही. उलट, कारखान्यातून नुकतीच निघाल्यासारखी कोरी करकरीत युद्धविमाने मांडून ठेवणे सत्यापासून अधिक दूर आहे, असेही म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शस्त्राची प्रतिकृती प्रेमाने घडवणे म्हणजे शस्त्राच्या कामात मनाने भागीदार होणे नव्हे काय? येथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक निवाडा उपयोगी पडतो. ज्या वस्तूचा पापाशिवाय दुसरा उपयोगच संभवत नाही, ती घडवणारा कारागीर दोषी होय. परंतु ज्या वस्तूचा उपयोग चांगलाही होऊ शकतो आणि वाईटही, ती घडवणे हे स्वतः पाप नाही, असे ते म्हणतात. आणि दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे म्हणून तलवार व बाण यांचीच नावे घेतात. देशाच्या रक्षणासाठी ओझरला विमान घडवणारा कामगार या न्यायाने निर्दोष ठरतो; मग त्याची चिमुकली प्रतिकृती घडवणारा तर अधिकच. आमच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकवलेल्या 'सहकार्या'च्या कोणत्याही व्याख्येत हा छंद बसत नाही.

म्हणजे पाप नाही. पण 'पाप नाही' एवढ्याने नैतिक विचार संपतो, असे समजणे ही आपल्या काळाची एक वाईट खोड आहे. त्याच संत थॉमस यांनी जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अभ्यासू वृत्ती, ती सद्गुण. दुसरी नुसती कुतूहलाची चटक, ती दुर्गुण. दोघांच्या डोळ्यांपुढे वस्तू एकच असते. फरक पडतो तो नजर कोठपर्यंत जाते आणि कोठे थांबते यामुळे. तेव्हा आपल्याला पाहायचे ते हे की, प्रतिकृती करणाऱ्याची नजर कोठे थांबते.

छोट्या विमानांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने देशभरच्या शाळकरी मुलांना आवाहन केले की, त्यांनी विमानांच्या पाच लाख प्रतिकृती करून द्याव्यात. प्रमाण एकास बहात्तर. मुलांनी त्या लाकडातून कोरल्या. त्या काळ्या रंगवल्या जात. त्यांवर ना डाग, ना क्रमांक, ना चालकाच्या पाऊलखुणा. कारण हेतू एकच होता: टेहळणी करणाऱ्याला व तोफ चालवणाऱ्याला आकाशातील काळी आकृती पाहताक्षणी 'आपला' की 'शत्रूचा' हे ओळखता यावे. आजच्या प्रतिकृतीकाराने त्या काळ्या आकृतीला रंग दिला, क्रमांक दिला, झीज दिली. 'एका जातीचे विमान' जाऊन तेथे 'हेच एक विमान' आले. काळ्या आकृतीवर नेम धरता येतो. पण जिच्यावर कोणाच्या बुटांच्या खुणा आहेत ती वस्तू आपल्याला थांबून विचार करायला लावते. उन्हापावसाचा हात फिरवण्यात हे एक नैतिक मोल आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मात्र हा हात विमानाच्या पत्र्यापाशी थांबतो. युद्धाची खरी झीज पत्र्यावर होत नाही. ती पत्र्याच्या पलीकडे आणि बहुधा खाली होते.

१२ डिसेंबर १९७१ या दिवसाची एक नोंद पाहा. त्या दिवशी कच्छच्या आखातावर भारतीय वायुसेनेचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी याच जातीच्या मिग-२१ मधून पाकिस्तानच्या एका स्टारफायटर विमानाचा पाठलाग केला आणि पोटाखालच्या तोफेने ते पाडले. पाडलेल्या विमानात विंग कमांडर मर्विन मिडलकोट होते. ते पाकिस्तानच्या अल्पसंख्य ख्रिस्ती समाजातील नामांकित वैमानिक होते. विमान कोसळण्यापूर्वी ते हवाई छत्रीसह बाहेर पडले. सोनींनी ते पाहिले आणि समुद्रातील त्या माणसाला उचलण्यासाठी नौका पाठवावी, असा निरोप दिला. मदत पोहोचली तेव्हा ते सापडले नाहीत. पुढेही त्यांचा शोध लागला नाही.

या नोंदीत आम्हाला युद्धाचे सारे नीतिशास्त्र दिसते. विमान आकाशात असेतोवर सोनींचे कर्तव्य स्पष्ट होते आणि ते त्यांनी बजावले. त्याबद्दल देश त्यांचा ऋणी आहे. पण समोरचा मनुष्य यंत्रातून बाहेर पडला त्या क्षणी त्यांना शत्रूच्या विमानाऐवजी बुडणारा माणूस दिसला. गोळी झाडणाऱ्यानेच वाचवण्यासाठी निरोप पाठवला. आता पंधरा सेंटिमीटरच्या त्या प्रतिकृतीकडे पुन्हा पाहा. तोफेच्या पेटीमागे मऊ कुंचल्याने धरलेली ती काजळी. 'प्रत्येक डागाला कारण पाहिजे' हा नियम खरा असेल, तर या काजळीचे कारण 'तोफ झाडली गेली' एवढे सांगून भागत नाही. तोफ कोणावर झाडली गेली, हा पुढचा प्रश्न त्याच नियमातून निघतो. कारणाची साखळी पेटीपाशी तोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ही साखळी मध्येच तोडण्याचा मोह छंदिष्टांनाच होतो असे नाही. मोठमोठ्या राष्ट्रांनाही तो आवरत नाही. हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या 'एनोला गे' या विमानाचा भाग १९९५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात मांडायचा होता. सोबत बाँब जेथे पडला तेथल्या माणसांच्या वस्तू आणि त्यांचे हाल यांचीही मांडणी व्हावी, अशी मूळ योजना होती. माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. जानेवारीत ती योजना रद्द झाली, मे महिन्यात संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला, आणि जूनमध्ये विमान त्या साऱ्या वस्तूंवाचूनच मांडले गेले. सैनिकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांचेही हजारो सोबती त्या युद्धात गेले होते आणि आपल्याला गुन्हेगार ठरवले जात आहे असे त्यांना वाटले. तथापि कित्येक वर्षे खपून दुरुस्त केलेले ते विमान आज चकचकीत उभे आहे आणि त्याच्या अंगावर पाहणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. नागासाकीवर बाँब टाकणारे 'बॉक्सकार' डेटन येथील संग्रहालयात आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी त्या बाँबखाली उराकामीचे कॅथेड्रल होते; स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आल्याने तेथे पापनिवेदन चालू होते. ऐकणारे धर्मगुरू आणि रांगेतले भाविक, कोणीही वाचले नाही. विमानाच्या कोणत्या पत्र्यावर आपण हा डाग दाखवणार? संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले, ते असे अनुभव पाठीशी घेऊनच.

आमच्या नंदुरबारने या बाबतीत वेगळा धडा घालून दिला आहे. अमेरिकेतील मुले काळी विमाने कोरत होती त्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारात मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता पडला; त्याला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. आज गावात स्मारक आहे ते या पाच जणांचे. त्या दिवशी कोणत्या बनावटीची बंदूक वापरली गेली, हे येथे कोणी सांगत नाही. नावे मात्र शाळकरी पोरालाही पाठ असतात. लहानशा गावाने कारणाची साखळी शेवटच्या कडीपर्यंत नेली आणि तीच कडी जपून ठेवली.

हा सारा विचार आम्हाला करावा लागला, कारण त्या गृहस्थांनी आपली प्रतिकृती आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी देऊ केली. एका शिक्षिकेने हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "फादर, वसतिगृहात डोंगरातली मुले राहतात. त्यांच्यापुढे मारण्याचे यंत्र सजवून का ठेवायचे?" दुसऱ्या शिक्षकांचे म्हणणे असे की, हे विमान आपल्याच जिल्ह्यांतल्या हातांनी घडवलेले आहे, डोंगरातल्या मुलालाच ते आधी दाखवले पाहिजे, म्हणजे आपलाही हात असे काम करू शकतो हे त्याला कळेल. दोन्ही म्हणणी खरी होती. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि प्रतिकृती ठेवावी, पण एकटी ठेवू नये, असा निर्णय दिला.

तेव्हा विमानाशेजारी एक पुठ्ठा लावला गेला. त्यावर ओझरचे नाव आहे आणि रिव्हेट मारणाऱ्या कामगारांचा उल्लेख आहे. सोनी आणि मिडलकोट यांची नावे शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत आहेत. नौका मागवल्याचेही लिहिले आहे. आणि आणखी एक हिशेब आहे. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेला दिलेल्या माहितीनुसार, मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अपघातांत गेली होती आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मरण पावले होते. युद्ध नसतानाही हे यंत्र माणसे मागत होते, हे मुलांना कळले पाहिजे. तो पुठ्ठा त्या गृहस्थांनीच लिहून आणला. आकडे लिहिताना आपला हात जड झाला, असे ते म्हणाले. कारण त्यांतील काही विमाने त्यांच्या ओळखीच्या हातांनी जुळवलेली असणार. पण एकही आकडा त्यांनी गाळला नाही.

प्रदर्शनात सहावीतल्या एका मुलाने बराच वेळ वाचून विचारले, "फादर, मग ते पाण्यात पडलेले साहेब सापडलेच नाहीत?" आम्ही 'नाही' म्हणालो. त्यानंतर तो पुन्हा विमानाकडे वळला आणि वाकून त्याच्या पोटाखाली पाहू लागला. त्याला कोणी सांगितले नव्हते. काजळी कोठे आहे ते तो शोधीत होता.

आम्हाला वाटते, नजरेचा अभ्यास तो हाच. सुंदर वस्तूपासून डोळे फिरवून घ्या, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. कौशल्य हे देवाचे देणे आहे आणि घासून घासून निर्दोष केलेल्या सांध्यातही त्याची स्तुती असते. मात्र ज्याने डाग रंगवण्याचे सत्य पत्करले, त्याने डागाचा माग शेवटपर्यंत काढण्याचे सत्यही पत्करावे. जगात आज जेथे जेथे विमाने बाँब टाकून परत येत आहेत, तेथे आपल्याला पडद्यावर दिसते ते बहुधा विमानच; खालची घरे धुराखाली असतात. अशा वेळी 'हा डाग कशाने पडला?' एवढा साधा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर एका निवृत्त कामगाराच्या फावल्या वेळातून धर्मग्रामाला पुष्कळ मिळाले, असे आम्ही समजू.